मुरवलेलं रजिस्टर

घारपुरे सरांच्या खिशाला चार पेनं असत आणि चारही निळी. पहिल्या दिवशी मला वाटलं, विसराळू असतील, एक सापडलं नाही तर दुसरं हाताशी हवं म्हणून ठेवत असतील. तिसऱ्या आठवड्यात कळलं की चारही पेनांच्या निळ्या शाया वेगवेगळ्या आहेत. एक गडद, एक जांभळ्याकडे झुकणारी, एक शाई संपत आल्यासारखी फिकट आणि एक जेलची. तीन महिन्यांच्या नोंदी एका दुपारी लिहिल्या तरी त्या एका दुपारी लिहिल्यासारख्या दिसू नयेत, यासाठी ही सोय होती.

सर आमच्या कारखान्याचे क्वालिटी मॅनेजर होते. कारखाना म्हणजे भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधले दुसऱ्या मजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत पाडून एक केलेले. खाली स्टीलच्या डब्यांना पॉलिश मारायचं काम चाले, त्यामुळे जिन्याच्या कठड्याला हात लावला की तळवा काळा होई. आम्ही सेफ्टी व्हॉल्व्ह बनवायचो. इस्त्रीवाल्यांकडे आणि इडलीवाल्यांकडे वाफेचे छोटे बॉयलर असतात, त्यांच्या डोक्यावर बसणारे पितळेचे. आत वाफेचा दाब वाढला की हा व्हॉल्व्ह ऐंशी पौंडांच्या आसपास आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. उशिरा उघडला तर काय होईल ते कोणी सांगायची गरज नाही. बॉयलरच्या शेजारी माणूस उभा असतो.

मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले होते आणि मला कोणाशी फार बोलता येत नव्हतं. मुलाखतीत सरांनी पाच प्रश्न विचारले, मी पाचही उत्तरं दोन-दोन शब्दांत दिली. मला वाटलं, गेली नोकरी. सर मात्र खूश झाले.

"तू बोलत नाहीस," ते म्हणाले, "आमच्या खात्यात याच्यापेक्षा मोठं क्वालिफिकेशन नाही. ऑडिटरसमोर माणसाने तीनच गोष्टी बोलाव्यात. हो. नाही. सरांना विचारते. शाळा कुठली?"

मी मीरा रोडच्या एका इंग्रजी शाळेचं नाव सांगितलं.

"म्हणजे कॉन्व्हेंट."

ती कॉन्व्हेंट नव्हती, शांती नगरमधल्या दोन बिल्डिंगींच्या मधली शाळा होती. पण त्या दिवसापासून माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. "ए कॉन्व्हेंट, फाईल आण." "कॉन्व्हेंटला चहा विचारा रे." माझं खरं नाव तन्वी आहे हे सरांना पगाराच्या कागदावर सही करताना दर महिन्याला नव्याने कळत असावं.

सरांच्या केबिनमध्ये एक लॅमिनेट केलेला तक्ता होता. क्वालिटी सर्टिफिकेटसाठी जे ऑडिट होतं, त्याचे टप्पे. आखणी, सुरुवातीची बैठक, कागदपत्रं पाहणं, जागेवर जाऊन पाहणं, निष्कर्ष, शेवटची बैठक, सुधारणा, पडताळणी. तक्त्यात चूक काहीच नव्हती. मी पुढे दुसरीकडे काम केलं, तिथेही हेच टप्पे होते आणि ती माणसं खरोखर त्या टप्प्यांनी जात. सरांनी मात्र प्रत्येक टप्प्याचा स्वतःपुरता अर्थ लावून ठेवला होता. आखणी म्हणजे येणारा ऑडिटर काय खातो याचा तपास. त्यासाठी ते वसईपासून दहिसरपर्यंतच्या कारखान्यांत फोन करत. "काय हो, तुमच्याकडे आला होता ना तो? गोड चालतं का? मागच्यासारखा शुगरवाला नाही ना?" मग ऑडिटरची प्रत ठरे. साधा असेल तर ढोकळा. जरा डोकं चालवणारा असेल तर काजूकतली. एकदा कोणीतरी सांगितलं की येणारा माणूस फक्त फळं खातो. सर दिवसभर अस्वस्थ होते. "फळं खाणारा माणूस वाईट," ते म्हणाले. "जेवणानंतर झोप येत नाही त्याला."

सुरुवातीच्या बैठकीत ते स्वतः उभं राहून इंग्रजीत बोलत. त्यांच्या इंग्रजीला मी हसत नाही, माझं मराठी काय लायकीचं आहे ते पुढे येईलच. पण ते जे बोलत त्यात एकही गोष्ट घडलेली नसे. दर महिन्याला ट्रेनिंग होतं, दर तिमाहीला आढावा बैठक होते, तक्रारी चोवीस तासांत निकाली निघतात. मालक किरीटभाई त्या वेळी मान डोलावत बसत आणि नंतर बाहेर येऊन मला विचारत, "ये सब अपने यहाँ होता है क्या, बेटा?"

मी म्हणे, "सरांना विचारते."

वर्षातून दोनदा आतल्या आत ऑडिट करायचं असतं, आणि आपलं खातं आपणच तपासायचं नाही असा नियम असतो. आमच्याकडे क्वालिटी खातं म्हणजे सर आणि मी. दुसऱ्या कोणाला शिकवून तयार करणं हा एक मार्ग होता. सरांनी त्याहून सोपा काढला. अहवालावर तपासणारे म्हणून 'अ. व्ही. घारपुरे' अशी सही आणि ज्यांचं तपासलं ते म्हणून 'अनंत जी.' अशी सही. प्रश्नही त्यांचे, उत्तरंही त्यांचीच. आपण स्वतःला सांभाळून घेतलंय असं कुठे वाटू नये म्हणून ते स्वतःची एखादी बारीक चूकही काढत. उदाहरणार्थ, कपाटावर धूळ आढळली. मग अनंत जी. नम्रपणे लिहीत की धूळ पुसली. पुढच्या अहवालात अ. व्ही. घारपुरे समाधान व्यक्त करत. ही दोन माणसं एकमेकांशी इतक्या सभ्यतेने वागत की वाचताना मला कधीकधी त्यांचा हेवा वाटे.

हे वेड ऑफिसपुरतं नव्हतं. एकदा सर आजारी होते म्हणून मी सिल्व्हर पार्कला त्यांच्या घरी सह्यांसाठी फाईल घेऊन गेले. ते त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. जिन्यात आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली होती आणि प्रत्येकाला एक पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर 'तपासले' आणि खाली जांभळ्याकडे झुकणारी निळी सही. तारीख पुढच्या महिन्याची होती. मी फाईल दिली, सह्या घेतल्या आणि लिफ्ट असूनही जिन्याने उतरले, सगळ्या मजल्यांवर तेच आहे का बघायला. होतं.

आता रजिस्टरबद्दल.

नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते. ऑडिट पुढच्या महिन्यात होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि एक कोरं करकरीत रजिस्टर पुढे केलं. टेस्ट बेंचवर रोज जे व्हॉल्व्ह तपासले जातात, त्यातला प्रत्येक कितीवर उघडला, त्याची नोंद या रजिस्टरमध्ये असायला हवी होती. तीन महिन्यांची एकही नव्हती. कारण सरांनी तीन महिन्यांपूर्वी नवा छापील फॉर्म काढला होता, इंग्रजीत, कंपनीच्या नक्षीसकट, आणि त्याची सगळी रजिस्टरं स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती. बेंचवर दिली तर तेलाच्या हातांनी खराब होतील, म्हणून.

"मी सांगतो, तू लिही," सर म्हणाले. "भराभर. विचार करायचा नाही."

आणि सर आकडे सांगू लागले. डोळे मिटून, पाठ म्हटल्यासारखे. "ऐंशी. एक्क्याऐंशी. एकोणऐंशी. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. सगळे ऐंशी लिहिले तर खोटं वाटतं, म्हणून मधूनमधून एकोणऐंशी घालायचं. एकोणऐंशी. ब्याऐंशी. पेन बदल."

मी लिहीत गेले. पेन बदलत गेले. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण आकडे मी आयुष्यभर इंग्रजीत मोजले आहेत. भाजीवालासुद्धा आमच्याकडे हिंदीत भाव सांगतो. ऐंशी मला माहीत होतं. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी अंदाजाने कळत होतं. एकोणऐंशी आलं तेव्हा क्षणभर अडखळले. त्यात ऐंशी होतं, म्हणजे एटी-समथिंग असणार. 'एकोण' कुठेतरी नऊसाठी येतं असं आठवत होतं. मी ८९ लिहिलं. विचारायला तोंड उघडलं असतं तर सर म्हणाले असते, कॉन्व्हेंट. म्हणून उघडलं नाही. पंचाहत्तर ते पंच्याऐंशीमध्ये उघडला तरच व्हॉल्व्ह पास, ही हद्द दुसऱ्या कुठल्यातरी कागदावर होती आणि तो कागद मी अजून पाहिला नव्हता.

तीन दुपारी हे चाललं. तपासणाऱ्याच्या रकान्यात बेंचवरच्या सुलभाताई भोईरांची सही हवी होती, ती सरांनी स्वतः केली. सराव होता त्यांना. मग प्रत्येक पानाच्या तळाला 'पडताळले' लिहून त्यांनी स्वतःची सही केली. एका हाताने पान उलटत होते, दुसऱ्याने सही करत होते आणि तोंडाने मला सांगत होते की क्वालिटी हा संस्कार आहे.

नंतर रजिस्टर मुरवायला घेतलं. मुरवणं हा सरांचाच शब्द. लोणच्यासारखा. "नवं रजिस्टर कच्चं दिसतं. मुरलं पाहिजे." त्यासाठी त्यांची ठरलेली पद्धत होती. आधी पानं मधोमध दुमडून सरळ करायची. मग चहाच्या ग्लासाचं बूड दोन-चार ठिकाणी टेकवायचं, जास्त नाही, माणूस कामात आहे असं वाटेल इतपत. मग मशीनवर जाऊन अंगठ्याला ग्रीस लावून यायचं आणि कोपऱ्यांवर ठसे द्यायचे. शेवटी ते आठवडाभर पॅकिंगच्या टेबलाच्या मोडक्या पायाखाली सारायचं, म्हणजे पुठ्ठ्याचे कोपरे आपोआप झिजतात. आठवड्याने सरांनी ते बाहेर काढलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "आता बघ." खरंच ते तीन महिने बेंचवर पडून राहिलेलं रजिस्टर दिसत होतं. एवढ्या कष्टात तीन महिने ते बेंचवर ठेवून झालं असतं.

ऑडिटला आल्या त्या डिमेलो मॅडम. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, केस मागे घट्ट बांधलेले, पायांत साधे बूट. आखणीच्या टप्प्यात सरांना त्यांच्या खाण्याची काहीच माहिती मिळाली नव्हती. मिळालं होतं फक्त आडनाव, आणि त्यावरून सरांनी ठरवून टाकलं की बाईंना मराठी येत नाही.

त्यामुळे दिवसभर त्यांनी मॅडमशी इंग्रजीत आणि माझ्याशी त्यांच्यादेखत मराठीत बोलायचं ठरवलं. वाक्य तेच, आवाज तोच, चेहऱ्यावर तेच हसू. "येस मॅडम, आय विल शो. कॉन्व्हेंट, वरची फाईल दे, खालची नको, खालची अर्धी आहे. धिस वे, मॅडम. हिला काय कळतंय, तू घाबरू नकोस. टी ऑर कॉफी?"

मॅडमनी वरची फाईल घेतली. उलटली. बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता खालची द्या."

सर हसत होते ते हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचं सगळं निघून गेलं.

"तुम्ही... मॅडम, मराठी...?"

"वसईची आहे मी," मॅडम म्हणाल्या. "सातवीपर्यंत मराठी शाळा. चहा चालेल. साखर कमी."

त्यानंतर त्या दिवसभर मराठीतच बोलल्या आणि सर दिवसभर इंग्रजीतच उत्तरं देत राहिले. कोणती गोष्ट माणसाला कधी लाजवेल याचं सरांच्या बाबतीत काही गणित नव्हतं, एवढं खरं की लाज त्यांना फार वेळ पुरत नसे. दुपारपर्यंत ते सावरले आणि मुरवलेलं रजिस्टर आण म्हणाले. मी आणून दिलं. मॅडमनी ते मधूनच उघडलं. ग्रीसच्या ठशावर बोट फिरवलं. मग त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं, खाली गेलं, पान उलटलं, पुन्हा थांबलं.

शेवटच्या बैठकीला किरीटभाई होते, सर होते, मी होते आणि दाराजवळ सुलभाताईंना उभं केलं होतं. मॅडम म्हणाल्या, "बाकी बारीकसारीक आहे, ते लिहिलंय. एक मोठं आहे. पंच्याऐंशीच्या वर उघडणारा व्हॉल्व्ह पास करायचा नाही, असं तुमचाच कागद सांगतो. या रजिस्टरमध्ये एकतीस ठिकाणी एकोणनव्वद आहे. आणि पुढे लिहिलंय, पास. हे एकोणनव्वदवाले व्हॉल्व्ह गेले कुठे?"

एकोणनव्वद. त्या हे म्हणत असताना त्यांचं बोट मी लिहिलेल्या ८९वर होतं. मला तेव्हा कळलं.

सर काय म्हणणार होते? आकडे खोटे आहेत म्हटलं तर रजिस्टर खोटं. आकडे खरे आहेत म्हटलं तर एकतीस व्हॉल्व्ह कुठेतरी इस्त्रीवाल्याच्या बॉयलरवर बसलेत आणि ते उशिरा उघडणार. असल्या जागी सापडलेला मी पाहिलेला तो एकच माणूस. त्यांनी दोन सेकंद घेतले. मग दाराकडे वळून म्हणाले, "सुलभाताई, हे काय केलंत तुम्ही?"

सुलभाताई मुर्ध्याच्या. गावातल्या जुन्या घरातल्या. अकरा वर्षं त्या बेंचवर होत्या. त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं, आपल्या नावाच्या सहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे माझं न्हाय."

"सही आहे तुमची."

"सय न्हाय माझी. माझी सय एवढी चांगली न्हाय."

किरीटभाईंनी हात वर केले. "घारपुरेजी, सर्टिफिकेट जाएगा तो मैं क्या भजिया तलूँ? आधे कस्टमर सर्टिफिकेट देखके ऑर्डर देते हैं."

मॅडमनी महिनाभराची मुदत दिली. कारण शोधा, सुधारणा करा, मी पडताळायला परत येते. तक्त्यातले शेवटचे दोन टप्पे.

दुसऱ्या दिवशी सर कारण शोधायला बसले. त्यासाठी एक पद्धत आहे, पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं. सरांनी मला फळ्यावर लिहायला लावलं. आकडा चुकला, का? ऑपरेटरने चुकीचा लिहिला. का? तिला हद्द समजली नाही. का? फॉर्म इंग्रजीत आहे. का? क्वालिटी सिस्टिमची गरज आहे. मग तिला का कळत नाही? शिक्षण आठवी. "झालं," सर म्हणाले. "पाचव्याला थांबायचं. सहावा विचारायचा नाही. सहावा नेहमी आपल्यावर येतो."

मी खडू खाली ठेवला. "सर, ते आकडे मी लिहिले. तुम्ही एकोणऐंशी म्हणालात आणि मी..."

त्यांनी पूर्ण ऐकलं आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एकोणऐंशी म्हणजे एटी-नाइन! अरे देवा. कॉन्व्हेंट, कॉन्व्हेंट!" मग रुमालाने डोळे पुसून ते अगदी प्रेमाने म्हणाले, "हे बघ. रजिस्टरवर तुझं नाव कुठे आहे का?"

"नाही."

"मग तू लिहिलं नाहीस. कागद बोलतो, माणूस नाही. जा, चहा सांग."

सुधारणा म्हणून जे पत्र निघालं ते मीच टाईप केलं. श्रीमती सुलभा भोईर यांना टेस्ट बेंचवरून कमी करण्यात येत आहे. पॅकिंगमध्ये बदली. आमच्या पॅकिंगच्या सगळ्या बाया ठेकेदाराच्या होत्या, आज बोलावल्या तर आज काम. म्हणजे अकरा वर्षांची पक्की नोकरी त्या एका ओळीत गेली. पत्र मॅडमच्या भेटीच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होतं. आधी मॅडमना दाखवायचं, मग अंमल.

मी जेवणाच्या सुट्टीत सुलभाताईंकडे गेले. त्या बेंचशेजारच्या स्टुलावर डबा उघडून बसल्या होत्या, सुकटाची चटणी आणि भाकरी. मी सगळं सांगितलं. मी लिहिलं हे, कसं लिहिलं हे, एकोणऐंशीपर्यंत.

त्यांनी भाकरी डब्यात ठेवली. "म्हंजे आकडा तू चुकलीस, खोटं त्यानं लिवलंन, आन् पॅकिंगला मी?"

"हो."

"आन् एकोणऐंशी म्हंजे किती, ते तुला म्हाईत न्हाय?"

"आता आहे."

"बापानं एवढी फी भरली," त्या म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा मोडला. मग हात पुसून बेंचखालच्या खणातून एक शाळेची वही काढली. वरती नाव घालायच्या चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं. आत तारखा होत्या, रोजच्या, आणि आकडे. मराठी आकडे, तिरपे, एकाखाली एक. काहींपुढे 'परत', काहींपुढे 'स्प्रिंग बदलली'. तीन महिन्यांतला एक दिवस सुटलेला नव्हता.

"ताई, हे तुम्ही सरांना का नाही दाखवलं?"

"इचारलं कोणी? फॉर्म देतो म्हणाला, दिला न्हाय. मग मी कशावर लिवू, भिंतीवर? काम केलं तर लिवायला नको?"

मी ती वही हातात धरून उभी राहिले. सरांनी चार पेनं, चहा, ग्रीस आणि पॅकिंगचं टेबल वापरून ज्या कामाच्या नोंदी बनवल्या होत्या, ते काम खरोखर झालं होतं. नोंदीसकट. त्यांच्या केबिनपासून बारा पावलांवर.

"वही मी देतंय," सुलभाताई म्हणाल्या. "पण बोलायचं तू. माझं कोण ऐकतंय."

महिन्याने डिमेलो मॅडम आल्या. सरांनी पुन्हा सगळी मांडामांड केली होती. नवा तक्ता, नवं पत्र, पाच 'का' रंगीत छापलेले. काजूकतली होती. सरांचं बोलून झालं, मॅडमनी पत्र वाचायला घेतलं, आणि मी वही त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. काय बोलायचं ते मी आदल्या दिवसापासून मराठीत पाठ केलं होतं.

"मॅडम, ते रजिस्टर मी लिहिलंय. सरांनी आकडे सांगितले, मी एकोणऐंशीला एकोणनव्वद लिहिलं. खरे आकडे यात आहेत."

मॅडमनी वही उघडली. त्या सावकाश वाचत गेल्या, बोटाने, पानामागून पान. पास केलेल्यांत सगळ्यात मोठा आकडा चौऱ्याऐंशी होता. त्याच्या वरचे जे होते, त्यांच्यापुढे 'परत' होतं.

मग सर बोलले, आणि यासाठी त्यांना मानलंच पाहिजे. ते पुढे वाकून म्हणाले, "एक्झॅक्टली, मॅडम. हेच मी दाखवणार होतो. हे आमचं मूळ रेकॉर्ड. आम्ही नेहमी दुहेरी नोंद ठेवतो."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग ही वही कोणाची?"

"कंपनीची."

"लिहिलीय कोणी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून बोलणं हवं होतं. मी बोलले नाही.

मॅडम उठल्या. "बेंचवर जाऊ या. वहीत लिहिलंय तसं तपासता येतं का, ते बघू. सर, तुम्ही पडताळले म्हणून सही करता. एक व्हॉल्व्ह तुम्ही लावून दाखवा."

आम्ही सगळे बेंचपाशी गेलो. किरीटभाई फोन कानाला लावून आले होते, तो त्यांनी खिशात ठेवला. पॅकिंगच्या दोन बायाही हातातलं काम टाकून आल्या. बेंच म्हणजे एक लोखंडी टेबल, त्यावर हवेचा नळ, नळाला आटे आणि शेजारी काटा असलेला गोल डायल. व्हॉल्व्हला दोन्ही तोंडांना सारखेच आटे असतात. कुठलं तोंड खाली लावायचं हे कळावं म्हणून पितळेवर बाण कोरलेला असतो.

सरांनी व्हॉल्व्ह घेतला. बाह्या वर सरकवल्या. अनुभवी माणसाच्या चेहऱ्याने तो आट्यांवर बसवला, फिरवला, घट्ट केला. बाणाचं टोक वर हवं होतं, ते खाली होतं. पॅकिंगवाल्या बाईने तोंडाला पदर लावला. सरांनी नळाचा कॉक उघडला.

काटा चढू लागला. साठ. सत्तर. ऐंशी. सर व्हॉल्व्हकडे बघत होते, आम्ही काट्याकडे. पंच्याऐंशी गेलं. नव्वद गेलं. उलटा लावलेला व्हॉल्व्ह उघडत नाही, हवा त्याला आणखी घट्ट दाबून धरते. शंभर. "मशीनमध्ये काहीतरी..." सर म्हणाले, आणि कॉक बंद करायच्या ऐवजी आणखी उघडला.

सुलभाताईंचा हात मधून आला आणि कॉक बंद झाला.

"सरका, साहेब," त्या म्हणाल्या.

सर सरकले. एक पाऊल, मग आणखी एक, कारण सुलभाताईंना स्टूल ओढायचं होतं. त्यांनी हवा सोडली, व्हॉल्व्ह काढला, उलटा केला, फडक्याने आटे पुसले, लावला. कॉक उघडला. काटा चढला आणि ऐंशीवर फुस्स करून हवा सुटली. त्यांनी तोच व्हॉल्व्ह आणखी दोनदा करून दाखवला. दोन्ही वेळा ऐंशी.

"यांना बेंचवरून काढताय म्हणून पत्र आहे," मॅडम म्हणाल्या.

"नहीं, नहीं," किरीटभाई म्हणाले. "कोई नहीं काढता. सुलभाबेन इधरच रहेगी. वो पत्र, घारपुरेजी, आप फाड दो."

मॅडमनी आपल्या कागदावर लिहायला सुरुवात केली. सुलभाताईंनी वही मागून घेतली आणि आजची तारीख घालून तिन्ही आकडे लिहिले. मी पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडली. सर त्या महिन्यात रजेवर होते, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते तिथे शेवटचं. ते आमच्या सगळ्यांच्या मागे, पॅकिंगच्या बायांच्याही मागे उभे होते. हाताला तेल लागलं होतं आणि ते कशाला पुसावं हे त्यांना कळत नव्हतं. सुलभाताईंनी चौथा व्हॉल्व्ह लावला, तो एकोणऐंशीवर सुटला, आणि मागून सरांचा आवाज आला, जरा खाकरून, वरिष्ठ माणसाचा.

"ओके," सर म्हणाले. "पास."

कोणी विचारलं नव्हतं.